दोन लिटरांचा प्रश्न

‘एवढ्याशा पेट्रोलने खाडी मरत नसते, मास्तर,’ हे वाक्य मी दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस ऐकतो. ऐकवणारी माणसे बदलतात. वाक्य तेच राहते. बोलणाऱ्याने होडीची इंधनाची टाकी दोन्ही हातांनी उलटी धरलेली असते, तिच्या तोंडातून गढूळ पेट्रोलची धार धक्क्याच्या पायरीवरून पाण्यात पडत असते आणि पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरत असतो. त्या रंगांकडे पाहत आम्ही दोघेही क्षणभर गप्प राहतो. मग तो टाकी झटकतो व वरील वाक्य उच्चारतो. मी काही विचारलेले नसते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्या अर्थी तयार असते, त्या अर्थी तो प्रश्न त्यालाही पडलेला असला पाहिजे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह मला आवरत नाही.

यंदा तो प्रश्न मी उघडपणे विचारणार आहे आणि तो केवळ टाकी उलटी करणाऱ्यास विचारून थांबणार नाही.

विषय लहान आहे, हे प्रारंभीच मान्य करतो. होडीच्या मागल्या फळीला टांगलेले आठ-दहा, फार तर पंधरा अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे इंजिन पावसाळ्यात पडून राहते, तेव्हा त्याच्या टाकीत, नळीत व कार्बोरेटरमध्ये उरलेल्या जुन्या इंधनाचे काय करावे, एवढाच तो विषय. साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात ह्या गोष्टीला जागा कशाला, असेही कोणी म्हणेल. खाडीवरच्या कविता आपण आवडीने छापतो आणि आवडीने वाचतो. त्याच खाडीत काय ओतले जाते, याविषयी चार पाने वाचण्यास रसिकांची हरकत नसावी.

मोठ्या यांत्रिक नौकांच्या डिझेल इंजिनांचा विचार मी येथे करीत नाही. त्यांचे तेल, त्यांचा परतावा, त्यांच्या संस्था आणि त्यांचे मोर्चे यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलतो ते वसईच्या खाडीत जाळे टाकणाऱ्या, कालवे व शिंपल्यांसाठी बायकांना पलीकडच्या खडकांवर नेऊन सोडणाऱ्या, गळाने मासे धरणाऱ्या लहान होड्यांविषयी. वल्ह्यांच्या जागी त्यांच्यावर इंजिन आले आणि खांद्यांची झीज थांबली. ह्या उपकाराची जाणीव ज्याच्या घरात वल्ही मारली गेली त्या प्रत्येकास आहे, मलाही आहे. माझे वडील वल्ह्यावर म्हातारे झाले. तेव्हा यंत्राविरुद्ध माझे काही म्हणणे आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. प्रत्यक्षात लहान होडी त्याहून अधिक काळ किनाऱ्यावर राहते. समुद्र निवळेपर्यंत, अनेकदा नारळी पौर्णिमेपर्यंत, ती शाकारून ठेवलेली असते. म्हणजे मे महिन्यात पंपावरून आणलेले पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरायचे झाले तर ते अडीच-तीन महिन्यांचे झालेले असते. तांदूळ जुना झाला की भाव खातो. पेट्रोलचे तसे नाही.

पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे, अनेक द्रवांचे ते मिश्रण आहे. त्यातील हलके, चटकन पेट घेणारे अंश प्रथम उडून जातात व जड अंश मागे राहतात. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्या उरलेल्या भागात डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. टाकीपेक्षा ही क्रिया कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीत अधिक वेगाने घडते, कारण तेथे इंधन थोडे असते आणि हवेला वाट मोकळी असते. त्या वाटीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या जेटचे छिद्र मिलिमीटरभरदेखील रुंद नसते. डिंकाचा पातळसा थर ते बुजवण्यास पुरेसा होतो. दोरी ओढून ओढून दंड सुजतात आणि इंजिन खोकण्यापलीकडे काही करीत नाही. मग मिस्तरीकडे धाव घेतली जाते आणि मिस्तरी कार्बोरेटर खोलून, जेट धुऊन, आपली मजुरी घेऊन जातो. ह्या सर्व खटाटोपाच्या जागी मे महिन्यात त्या वाटीचा तळाचा स्क्रू पाच मिनिटे सैल केला असता, तर भागले असते. वाटीतले चार चमचे पेट्रोल एका डब्यात पडले असते, इतकेच.

येथवर सारे जुनेच आहे. आपल्या आधीच्या पिढीलाही ठाऊक होते. नवे आहे ते पुढचे.

पंपावर आज जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते. २०१८ सालच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात हे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठेवले होते. पुढे ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणण्यात आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले आणि पाहता पाहता सर्वत्र तेच झाले. परकीय चलन वाचते, ऊस व मका पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते, ह्या गोष्टी मी नाकारीत नाही. घाटावरच्या शेतकऱ्याशी माझे भांडण नाही. मात्र इथेनॉलचा एक स्वभाव आहे: त्याला पाण्याची ओढ आहे. पेट्रोल पाण्याला जवळ करीत नाही, इथेनॉल त्याला आपल्यात सामावून घेते. थोडे पाणी असले तर ते मिश्रणात दिसेनासे होते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फुटते व टाकीच्या तळाशी जाऊन बसते. वर पेट्रोल, खाली पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर. वीस टक्क्यांच्या मिश्रणात दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा अधिक पाणी मावते, हे खरे. परंतु एकदा ते फुटले की तळाचा थरही तेवढाच जाडजूड होतो. आणि पावसाळ्यात शाकारलेल्या होडीतल्या टाकीत पाणी शिरण्यास असा काय अडथळा असतो? झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल राहतो, झाकणाची रबरी चकती चिरलेली असते, वर चार महिने कोकणातला पाऊस.

टाकीतून इंधन ओढणारी नळी तळापर्यंत जाते, हे येथे ध्यानात घ्यावे. शिवाय दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते इंधनात मिसळलेल्या ऑइलमधून, साधारणपणे लिटरला २० मिलिलिटर ह्या प्रमाणात. मिश्रण फुटले की ते ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. तळाचा थर इंजिनात गेला तर पिस्टनला जळणही नाही आणि वंगणही नाही. होडीची इंजिने बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के सांगत आल्या आहेत. अमेरिकेत पंधरा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला २०१० व २०११ साली मोटारगाड्यांपुरती मुभा दिली गेली, तेव्हा नावांच्या इंजिनांत ते घालण्यास मनाई ठेवण्यात आली आणि पंपावर तशी सूचना चिकटवणे बंधनकारक झाले. आपल्या पंपांवर कोळ्यासाठी कोणती सूचना आहे? मी ती अजून पाहिलेली नाही. मोटारीच्या धन्याने तक्रार केली की वर्तमानपत्रांत चर्चा झडतात. होडीच्या धन्याची तक्रार धक्क्यावरच विरते.

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगण्यास मन धजत नाही, पण तो गाळला तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

२०२४ सालच्या मे महिन्यात माझा भाचा धक्क्यावर टाकी रिकामी करीत होता. मी तेथे पोहोचलो आणि नेहमीप्रमाणे त्याला बोललो. तो समजूतदार मुलगा; त्याने धार थांबवली व विचारले, ‘मग ह्याचं काय करू, मामा?’ मी म्हणालो, ‘ठेव कॅनमध्ये. शंभर रुपये लिटरची वस्तू, फुकट कशाला घालवतोस?’ सुमारे दहा लिटर होते. त्याने ते ठेवले. ऑगस्टमध्ये त्यात ताजे पेट्रोल घालून तो व त्याचा जोडीदार पहिल्या फेरीला निघाले. खाडीत इंजिन सुरळीत चालले, कारण पाणी संथ होते आणि तळचा थर तळालाच होता. मुखाशी, जेथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तेथे होडी हेलकावू लागली, टाकी ढवळली गेली आणि इंजिन एकाएकी बंद पडले. ओहोटी बाहेर ओढीत होती, वारा आत लोटत होता. होडी आडवी झाली, अर्धी भरली. मागून येणाऱ्या होडीने दोर फेकला म्हणून दोघे जिवंत परतले; पण दोर बांधताना दोन्ही होड्यांच्या मध्ये जोडीदाराचा उजवा हात सापडला व त्याची दोन बोटे गेली. मिस्तरीने टाकीतले इंधन काचेच्या बरणीत ओतून सकाळपर्यंत ठेवले. सकाळी बरणीत दोन थर स्वच्छ दिसत होते. खालचा गढूळ थर बरणीच्या चौथ्या हिश्शाइतका होता. ‘हे कधीचं?’ मिस्तरीने विचारले. भाच्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याचे ते न पाहणे मला अधिक लागले.

‘ओतू नका’ असे सांगणारी माझ्यासारखी माणसे अर्धेच सांगतात. ओतू नका, तर करा काय? ह्या उरलेल्या अर्ध्याचे उत्तर आपण कोणी दिलेले नाही. गरिबाला आपण सांगतो, खाडी राख. तो खाडी राखतो आणि ते शिळे पेट्रोल स्वतःच्या इंजिनात घालतो. टाकी पाण्यात उलटी करणारा पुष्कळदा तो असतो, ज्याला दोन लिटरांची किंमत जाणवत नाही: हौशी होडीवाला, पर्यटकांना फिरवणारा, दोन-तीन इंजिने बाळगणारा. जो टाकत नाही तो गरीब, आणि न टाकण्याची किंमतही त्यानेच मोजायची.

तथापि ओतणाऱ्यांचे युक्तिवाद मी त्यामुळे मान्य केले, असे कोणी समजू नये. ते एकेक करून पाहू.

‘पेट्रोल उडून जातं,’ असे पहिले म्हणणे. बरेचसे उडते, हे मान्य. पण त्यातील बेंझीनसारखे अंश काही प्रमाणात पाण्यात विरघळतात आणि बेंझीनपासून माणसाला कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. आणि मिसळलेले ऑइल? ते उडत नाही. ते ओहोटीबरोबर चिखलावर बसते. खाडीच्या चिखलात वरच्या पापुद्र्याखाली प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे तेथे तेल कुजून नाहीसे होण्यास फार काळ लागतो. त्याच चिखलात निवट्या बिळे करतात, चिंबोऱ्या राहतात, कोळंबीची पिले वाढतात. समजा, एका धक्क्यावर ६० होड्या आहेत व प्रत्येकीने दोन लिटर ओतले. आठवडाभरात १२० लिटर पेट्रोल आणि त्यात मुरलेले जवळपास अडीच लिटर ऑइल एकाच ठिकाणी, त्याच पायऱ्यांपाशी पडले. ‘एवढेसे’ हा शब्द एका टाकीपुरता खरा आहे. खाडीला मात्र साठ टाक्या एकदम भेटतात.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे, म्हणून त्याला अधिक जागा देतो. ‘वरून कारखाने टँकर सोडतात, शहरे मैला सोडतात, आणि तुम्ही आमच्या दोन लिटरांवर येता?’ वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणपासूनचे जे काही नदीत पडते ते आमच्या दारावरून समुद्रात जाते. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाचा खटला राष्ट्रीय हरित लवादापुढे चालला, २०१५ साली दंड ठोठावला गेला; पाणी त्यानंतर किती निवळले, ते जाळ्याला लागणाऱ्या घाणीवरून प्रत्येक जण जाणतो. हा राग न्याय्य आहे. मी त्यात सहभागी आहे. पण ह्या रागाचा उपयोग आपण कशासाठी करतो? चोराने घर फोडले म्हणून उरलेली भांडी आपणच फोडावी, असा हा न्याय झाला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा’ ह्या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल समुद्रात सांडले, लोकांनी मासळी खाणे सोडले आणि कोळ्याच्या पाटीला गिऱ्हाईक उरले नाही. त्या वेळी आपण नुकसानभरपाई मागितली. त्या मागणीत एक तत्त्व होते: ज्याने सांडले त्याने भरावे. ते तत्त्व जहाजाला लागू आणि होडीला नाही, असे न्यायासनापुढे कोणत्या तोंडाने सांगणार? पाण्याच्या प्रदूषणास प्रतिबंध करणारा १९७४ सालचा कायदा नदी, खाडी व भरतीचे पाणी यांत विषारी पदार्थ सोडण्यास मनाई करतो. अश्वशक्ती पाहून तो सवलत देत नाही.

‘इंजिन चालू असतानाही ते पेट्रोल पाण्यातच थुंकतं,’ असेही एका हुशार तरुणाने मला सुनावले. त्याचे बरोबर आहे. जुन्या पद्धतीचे कार्बोरेटरवाले दोन-स्ट्रोक इंजिन आपल्या इंधनाचा चौथाईच्या आसपास भाग न जाळताच बाहेर टाकते. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर १९९९ सालापासून अशा इंजिनांना बंदी आहे. त्यावर उपाय चार-स्ट्रोक इंजिनाचा, आणि त्याला लागणाऱ्या पैशाचा. तो प्रश्न एका दिवसात सुटणार नाही. पण टाकी उलटी धरणारे हात यंत्राचे नसतात.

वस्तुतः ह्या खटल्यात साक्ष घ्यायला हवी ती कालवे फोडणाऱ्या बायकांची, आणि त्यांना कोणी विचारीत नाही. ओहोटीला त्या खडकावर बसतात, हातातल्या लोखंडी कोयतीने कालव फोडतात, मांस वाटीत गोळा करतात. कालव एका जागी चिकटलेले असते. घाण आली म्हणून त्याला दुसरीकडे जाता येत नाही. पाणी आत ओढून, गाळून, त्यातले खाद्य घेऊन ते जगते. पाण्याबरोबर तेल आले तर तेही त्याच्या मांसात मुरते. धक्क्याजवळच्या खडकांवरच्या कालवांना जूनमध्ये रॉकेलचा वास येतो, म्हणून आमच्या शेजारची आजी पावसाच्या सुरुवातीला तिकडे जात नाही, लांबच्या खडकावर जाते. वय सत्तरीपुढचे. गुडघे दुखतात. तिला रसायनशास्त्र ठाऊक नाही, पण धक्क्यावर कोणत्या दिवशी काय ओतले जाते हे ती वासावरून सांगते. त्या दोन लिटरांचे मोल ती आपल्या पायांनी चुकवते आणि ह्यात तिच्या मुलाचीही टाकी आहे.

धक्क्यावरच्या पंडितांत आणखी दोन पंथ आहेत. एक म्हणतो, काही काढू नका, ऑगस्टमध्ये वरून ताजे घाला, सगळे ठीक होते. ह्या पंथाचा प्रचारक मी स्वतः होतो आणि त्याचे फळ वर सांगितले. दुसरा म्हणतो, नळी काढून इंजिन चालू ठेवा, आपोआप कोरडे होऊन बंद पडेल. हे पहिल्यापेक्षा बरे, तरीही अपुरे. इंजिन बंद पडते ते वाटीत मुळीच पेट्रोल नसते म्हणून नव्हे, जेटपर्यंत पोहोचण्याइतके नसते म्हणून. तळाशी थोडे उरतेच, आणि दोन महिन्यांत डिंक होण्यास ते थोडेच पुरते. इंजिन गोड्या पाण्यावर चालवून मीठ धुऊन घ्यावे, ते करीत असतानाच नळी काढून चालू इंजिनातले इंधन संपवावे, आणि मग तळाचा स्क्रू उघडून उरलेसुरले डब्यात घ्यावे. दोन्ही गोष्टी कराव्यात.

टाकी रिकामी करण्याच्या रीतीविषयी तर किती सांगावे! तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची चाल आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिला कौशल्य मानतात. घोट पोटात गेला तर एक वेळ निभावते, श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते आणि माणूस दगावू शकतो. गिळलेले पेट्रोल ओकून काढावे म्हणून घरची माणसे मिठाचे पाणी पाजतात, ती तर दुसरी आपत्ती. ओकताना तेच फुप्फुसात जाते. नळीवर रबरी फुगा दिलेला आहे तो दाबावा. नसेल तर टाकी होडीबाहेर उचलून आणून नरसाळ्याने ओतावी. होडीच्या आत हे काम करू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती तळाशी साचून राहते व कोणाच्या विडीची वाट पाहते. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, मग मे महिन्यातल्या दुपारची काय कथा. आणि काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कदापि भरू नये. उन्हातून खेळून आलेले पोर ओट्यावरची बाटली तोंडाला लावते, लेबल वाचीत नाही.

खरा शहाणपणा ह्याच्याही आधीचा आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात कॅन भरून आणू नये. रोजच्यापुरते आणावे आणि टाकी संपवूनच होडी वर ओढावी. असे केले तर उरते ते दोन लिटरच. मात्र ते उरतेच.

ह्या दोन लिटरांचे काय? हा प्रश्न घेऊन मी गेल्या वर्षी एका कार्यालयात गेलो होतो. पहिल्या टेबलावर सांगितले, हे प्रदूषणवाल्यांचे काम. तेथे सांगितले, हे मत्स्यव्यवसायवाल्यांचे. तेथे एका सौजन्यशील गृहस्थांनी मला चहा दिला आणि विचारले, ‘साहेब, एकूण किती माल आहे?’ मी म्हणालो, ‘माल नाही, कचरा आहे.’ ते म्हणाले, ‘कचरा असेल तर नगरपालिका.’ मी चहा संपवून घरी आलो. इतर जागी काही वेगळे घडले असते, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

काही जणांचे म्हणणे, मास्तर, तुम्हीच धक्क्यावर एक पिंप ठेवा. माझी तयारी होती. मग कायदा वाचला. १९३४ सालच्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना साठवायचे तर सर्व मिळून ३० लिटरांपर्यंतच, आणि धातूचे भांडे असेल तर ते २५ लिटरांहून मोठे नको. दोनशे लिटरांचे पिंप धक्क्यावर ठेवणारा मास्तर तुरुंगात जाईल, आणि योग्यच होईल. वस्तीच्या मध्यभागी पेट्रोलचे पिंप ही काही परोपकाराची वस्तू नव्हे. म्हणजे हे काम एका माणसाचे नाही, हे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. ते संस्थेचे आहे. जी संस्था डिझेलचा पंप चालवते, त्यासाठी लागणारे परवाने मिळवते, आगीची बादली आणि वाळू ठेवते, सभासदाच्या परताव्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवते, तिला आठवडाभर एक बंद टाकी ठेवून जुने इंधन जमा करणे आणि वाया गेलेले तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाच्या स्वाधीन करणे जमणार नाही, हे मला पटत नाही. परवान्याचे कागद लागतील, ते काढावेत. खर्च येईल, तो वार्षिक सभेपुढे ठेवावा. सभेत गणपूर्ती नसते, ही सबब चालणार नाही. निवडणुकीच्या वर्षी ती कशी होते, हे आपण पाहिलेले आहे.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना मी हे तोंडी सांगितले आहे. ‘पेट्रोलवाल्या होड्या आपल्या सभासदांच्या थोड्याच,’ असे एकाने उत्तर दिले. काही आहेत, काही नाहीत. खाडी सर्वांची सभासद आहे की नाही, ते त्यांनी ठरवावे. ज्याची बोटे गेली तो मुलगा मात्र ह्याच संस्थेच्या सभासदाचा मुलगा आहे. तो आता जाळी विणू शकत नाही, भावाच्या दुकानात बसतो.

तूर्त मी एवढे केले आहे. झाकणाचा, पत्र्याचा २५ लिटरांचा एक डबा आणि बारीक जाळीचे एक नरसाळे मी विकत घेतले आहे. डबा घरापासून दूर, जुन्या होडीच्या छपराखाली, सावलीत राहील. येत्या मेच्या शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी ५ ते ६ मी तेथे बसेन. विडी पेटलेली असेल त्याने रस्त्यावरच थांबावे. होडीमागे दोन लिटर धरले तर बारा होड्यांचे इंधन ह्या डब्यात मावते आणि कायद्यातही बसते. तेराव्या होडीने कोठे जायचे, ते संस्थेने सांगावे.